पिवळी बाटली

पेठ रोडवरच्या त्या तीन मजली हॉस्पिटलात नवी सिस्टर रुजू झाली की तिला पहिल्याच दिवशी दोन गोष्टी सांगत. लिफ्टवर विसंबू नकोस आणि मोहिनी भोयेच्या तोंडी लागू नकोस. मोहिनीच्या नाकावर राग असतो असं सगळे म्हणत, पण नाकावरचा राग शिंकेसरशी उडून तरी जातो. हिचा मुक्कामाला असायचा. गोळी पेशंटच्या तळहातावर ठेवून ती गिळायच्या आत पाठ फिरवणाऱ्या सिस्टरवर राग. नाव न विचारता पलंगाचा नंबर बघून इंजेक्शन टोचणाऱ्यावर राग. "काही ॲलर्जी नाही ना?" असं विचारून उत्तराची वाटही न बघणाऱ्या शिकाऊ डॉक्टरवर तर विशेष राग. आणि गंमत अशी, की बहुतेक वेळा तिचंच बरोबर असायचं. ज्याचा राग खोटा असतो तो कधीतरी शरमून गप्प होतो. हिला तशी वेळच येत नव्हती.

सगळ्यात जुना राग होता पिवळ्या बाटलीवर.

हॉस्पिटलचे मालक, ज्यांना सगळे मोठे सर म्हणत, त्यांचा दंडक होता की सलाईनच्या प्रत्येक बाटलीत जीवनसत्त्वाचं एक इंजेक्शन घालायचं. त्यानं पाणी पिवळंधमक होतं. पेशंटला त्याची गरज असो वा नसो. "लोकांना पिवळं लागतं, सिस्टर," मोठे सर म्हणायचे. "पांढरी बाटली लावली तर बाहेर जाऊन सांगतात, नुसतं पाणी चढवलं म्हणून." यात खोटं काहीच नव्हतं. लोकांना पिवळंच लागायचं. पण लोकांना ही चटक लावली कोणी, हे मोठे सर कधी बोलायचे नाहीत.

मोहिनीला ते चांगलं ठाऊक होतं. ती पेठ गावाच्या पलीकडच्या एका पाड्यावरची. तिथं मंगळू नावाचा एक इसम मोटारसायकलवरून यायचा, त्याला सगळे डॉक्टर म्हणायचे. घराच्या मेढीला सुतळीनं पिवळी बाटली टांगायची, शिरेत सुई खुपसायची आणि पुढच्या घरी निघून जायचं, ही त्याची डॉक्टरकी. बाकीचं सगळं घरच्यांनी करायचं. नळीवरचं, धार कमी-जास्त करायचं चाक फिरवायला पाड्यावर लहानथोर सगळ्यांना यायचं. चुलीवर भात ठेवायचा आणि चाक सोडायचं. भात उतरवेपर्यंत बाटली संपली पाहिजे, असा हिशोब. हात जळजळला तर बळ चढतंय म्हणायचं. मोहिनीच्या आजोबांचे पाय सुजले होते आणि धाप लागत होती, तेव्हा मंगळूनं त्यांना पाठोपाठ दोन बाटल्या चढवल्या. आजोबा भिंतीला टेकून, तोंड उघडं टाकून गेले. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना वर्गात थकलेल्या हृदयावर धडा चालू होता. ज्याचं हृदय आधीच पाणी ओढून दमलंय त्याला आणखी पाणी चढवलं की माणूस आतल्या आत बुडतो, असं बाई शिकवत होत्या. सगळ्या मुली लिहून घेत होत्या. मोहिनीनं पेन खाली ठेवलं. तेव्हापासून तिचा राग गेलेला नाही.

अशा बाईच्या वॉर्डात भागीबाई आली.

भागीबाई आणि तिचा नवरा देवराम हे दोघं सुरगाण्याकडचे. द्राक्षबागांच्या छाटणीला टोळीबरोबर पिंपळगाव बसवंतला आले होते आणि बागेतच झोपडी करून राहत होते. भागीबाईला उलट्या-जुलाब सुरू झाले ते थांबेचनात. एका सकाळी ती उठायला गेली तर पाय हलेनात. मुकादमानं टेम्पोतून आणून दोघांना दारात सोडलं. आपण जेवणाच्या वेळेला परत फिरणार आहोत, बाईच्या पायात जीव आला तर नाक्यावर या, नाहीतर टोळीत दुसरं जोडपं घ्यावं लागेल, असंही तो जाताजाता सांगून गेला.

रक्त तपासल्यावर कळलं की पोटॅशियम अगदी तळाला गेलंय. हा क्षार फार विचित्र. कमी पडला तर हातपाय लुळे पडतात, आणि भसकन रक्तात शिरला तर हृदयच बंद पाडतो. म्हणून तो सलाईनमध्ये मिसळून थेंबाथेंबानं द्यायचा असतो, आणि देताना पेशंटवर नजर ठेवायची असते. मोजून थेंब सोडणारी यंत्रं हॉस्पिटलात होती, पण ती वरच्या मजल्यावर अतिदक्षता विभागात. खालच्या वॉर्डात चाक आणि मनगटावरचं घड्याळ. मोहिनीनं पोटॅशियम बाटलीत मिसळलं, हलवून घेतलं, चाक अगदी बारीक केलं, थेंब मोजले. त्याआधीच जोडीची सिस्टर अंजली हिनं सवयीनं, मोठ्या सरांच्या दंडकाप्रमाणे, बाटली पिवळी करून ठेवली होती. मोहिनी चडफडली. पण वॉर्ड भरलेला होता, दोघींत सगळे पेशंट होते. तिनं बाटलीवर लाल अक्षरांत पट्टी चिकटवली आणि देवरामला म्हणाली, "बाबा, याला हात लावू नका." हे वाक्य ती दिवसातून इतक्या जणांना म्हणायची की ते आता तिचं तिलाच ऐकू येत नसे.

देवरामला लाल अक्षरं वाचता येत नव्हती. पिवळा रंग मात्र येत होता.

तो स्टुलावर बसून थेंबांकडे बघत राहिला. थेंब पडायचा, मग बराच वेळ काहीच नाही, मग दुसरा. बळाची बाटली अशी चिमटीनं कोण देतं? सिस्टर कामात आहेत, विसरल्या असतील, असं त्याला वाटलं. मुकादमाचा टेम्पो निघायची वेळ होत आलेली. त्यानं उठून, आयुष्यभर जसं केलं तसं, अंगठ्यानं चाक मोकळं सोडलं. धार लागली. थोड्या वेळानं भागीबाई कण्हायला लागली, हात भाजतोय म्हणाली. देवरामनं तिच्या कपाळावरून हात फिरवला. "बळ चढतंया," तो म्हणाला. "घे सोसून थोडं."

वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला एका म्हातारीचं ड्रेसिंग करताना मोहिनीच्या कानावर ते कण्हणं पडलं. तिनं मान वळवली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. बाटली अर्धी रिकामी झाली होती.

ती धावली. चाक आवळलं, नळीच काढून टाकली, नाडीवर बोटं ठेवली. नाडी मंद, आणि मधेच एखादा ठोका चुकत होता. "डॉक्टर संघर्ष!" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की जिन्यात चहा पीत उभा असलेला तो तरुण डॉक्टर कप तसाच टाकून आला. दोघांनी भागीबाईच्या छातीला वायरी लावल्या. पडद्यावरच्या रेघेत सुळक्यासारखी टोकं उठत होती. संघर्षनं पटापट सांगितलं, मोहिनीनं पटापट दिलं. आधी कॅल्शियम, सावकाश, हृदयाला आधार म्हणून. मग ग्लुकोज आणि त्याबरोबर इन्शुलिन, कारण इन्शुलिन साखरेबरोबर पोटॅशियमलाही रक्तातून पेशींमध्ये ओढून नेतं. हळूहळू रेघ खाली बसली. नाडी सुधारली. भागीबाईनं डोळे उघडले आणि थकून पुन्हा मिटले.

"साखर बघत राहा, सिस्टर," संघर्ष म्हणाला. "इन्शुलिन दिलंय, आणि त्यांच्या पोटात दोन दिवसांत काही नाही."

"माहितीय मला," मोहिनी म्हणाली. आणि तिला खरंच माहीत होतं.

मग ती देवरामकडे वळली.

"कुणी सांगितलं होतं हात लावायला? बायकोला मारायचं होतं का? बजावून सांगितलं होतं ना? तुम्हाला काय वाटलं, आम्ही इथं गंमत करायला बसलोय? खेळणं आहे का ते?" वॉर्डातल्या बायका उठून बसल्या. पलीकडच्या खोलीतले नातेवाईक दारात गोळा झाले. "आता इथून पुढं बाटलीला हात लावायचा नाही, नळीला लावायचा नाही, पलंगालाही लावायचा नाही. आणि मधेमधे बोलायचं नाही. विचारलं तरच तोंड उघडायचं. समजलं?"

देवराम तिच्या आजोबांच्या वयाचा नव्हता, पण बांधा तसाच. त्यानं दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत अडकवले आणि मान हलवली. मोहिनीला त्याची बोली येत होती. त्या बोलीत चार शब्द बोलली असती, की बाबा, ही मंगळूची बाटली नाही, हिच्यात असं असं औषध आहे, तर त्याला सगळं कळलं असतं. पण हॉस्पिटलात ती ती बोली बोलत नसे, आणि रागात तर मुळीच नाही. खरं म्हणजे तिला ओरडायचं होतं ते मोठ्या सरांवर. वड्याचं तेल वांग्यावर निघालं.

मोठे सर बाहेरून आले आणि त्यांना ही बातमी दारातच कळली. त्यांनी मोहिनीला केबिनमध्ये बोलावलं.

"बसा, सिस्टर," ते म्हणाले. ते प्रसन्न होते, आणि तिथंच मोहिनीच्या मनात पाल चुकचुकली. "वाचली ना बाई? छान. आता एक करू. वॉर्डात मोठी पाटी लावू, नातेवाइकांनी सलाईनला हात लावल्यास हॉस्पिटल जबाबदार नाही. आणि त्या माणसाला नीट समज द्या. उद्या त्याचा मुकादम नाहीतर कुणी पुढारी येऊन बोंब मारायचा."

"त्यांना वाचता येत नाही, सर."

"पाटी त्याच्यासाठी नसते हो. आपल्यासाठी असते." मोठे सर हसले. "आणि तुम्ही त्याला सगळ्यांसमोर झापलंत ते फार बरं केलंत. वॉर्डभर साक्षीदार झाले. चूक कुणाची, ते सगळ्यांनी ऐकलं."

मोहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपण ओरडलो ते या माणसाच्या कामी आलं. आपल्या तोंडानं त्याची सुटका झाली. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर आपणच वळून दिला.

"चूक तुमची आहे, सर," ती म्हणाली.

मोठ्या सरांचं हसू जागच्या जागी राहिलं.

"माझी पण आहे. मी ती पिवळी बाटली फेकून द्यायला हवी होती. पण बाटली पिवळी का होती? पोटॅशियमच्या बाटलीला रंग कशाला? त्यांच्या गावात पिवळी बाटली म्हणजे ताकद. ती भराभरा सोडायची असते, असं त्यांना तुमच्यासारख्यांनीच शिकवलंय. तिकडं एक मंगळू मोटारसायकलवर फिरतो, इकडं तुम्ही केबिनमध्ये बसता, एवढाच फरक."

"सिस्टर, जपून बोला."

"किती वेळा सांगितलं, यंत्र खाली द्या, माणूस वाढवा. दोघी जणी कुठं कुठं बघणार?" तिचा आवाज चढला. अशा वेळी तिला सगळं आठवायचं. चुकलेली औषधं, टळलेले अपघात, एकाच कपाटात शेजारी शेजारी ठेवलेल्या सारख्या दिसणाऱ्या बाटल्या, सगळं ती ओळीनं बोलत गेली. वर्षानुवर्षं मनात घोळवलेली वाक्यं होती ती. मोठे सर मधे बोलायला गेले की ती आणखी जोरात बोलायची.

केबिनच्या दाराला अर्ध्यावर काच होती. बोलता बोलता मोहिनीला काचेपलीकडे देवराम दिसला. हात पाठीमागे, मान खाली. माफी मागायला आला असणार. तिनं त्याला तळहात दाखवला: थांबा. तो थांबला.

"लोकांना पिवळं लागतं, मी काय करू?" मोठे सर म्हणत होते.

"लोकांना समजावून सांगायचं! डॉक्टर कशाला झालात?"

अंजली औषधांचा ट्रे घेऊन बाहेरून गेली. देवरामपाशी थबकून ती काहीतरी बोलली, आत बोट दाखवलं आणि घाईत पुढं गेली. देवराम काचेजवळ आला, त्यानं आत पाहिलं, मोहिनीशी नजरानजर झाली. त्याचे ओठ हलले. मोहिनीनं पुन्हा तळहात दाखवला, या वेळी जरा रागानं. तो दोन पावलं मागं सरला.

शेवटी मोठ्या सरांनीच हात टेकले. त्यांना पटलं म्हणून नव्हे. बाहेर एक श्रीमंत पेशंट ताटकळत बसला होता आणि भांडणाचा आवाज त्याच्यापर्यंत जात होता. "बरं, बरं. उद्यापासून पोटॅशियमच्या बाटलीत रंग नको. एक यंत्र खाली पाठवतो. झालं समाधान?"

मोहिनी जिंकली होती. त्या हॉस्पिटलात मोठ्या सरांशी भांडून काही मिळवलेलं कुणाला आठवत नव्हतं. दार उघडून ती बाहेर आली तेव्हा तिचे कान तापले होते आणि तिला फार बरं वाटत होतं.

"हां, बोला बाबा," ती म्हणाली.

"बाई," देवराम म्हणाला, "ती घामानं भिजलीया. कवाची हाक मारतो, ओ देत नाय."

साखर! धावताना तिला सगळं एकदम कळलं. इन्शुलिन, रिकामं पोट, उलटून गेलेली वेळ. हे तिला कुणी शिकवायला नको होतं. ते तिच्या डोक्यात होतंच, फक्त डोक्यात राग बसला होता आणि दुसऱ्या कशाला जागा उरली नव्हती.

छातीच्या वायरी जागच्या जागी होत्या. पडद्यावर हृदय नीट धावत होतं, म्हणून येणारा-जाणारा प्रत्येक जण पडद्याकडे एक नजर टाकून निर्धास्त पुढं गेला होता. घाम पडद्यावर दिसत नाही. भागीबाईचं पोलकं अंगाला चिकटलं होतं, कपाळ गार, डोळे अर्धवट उघडे आणि त्यात ओळख नाही. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घेतला तर साखरेच्या यंत्रावर आकडाही येईना, साखर मोजण्याइतकीही नाही असं ते दाखवत होतं. मोहिनीनं ग्लुकोज भरलं. शीर सापडली, सुई आत गेली, ती हळूहळू दट्ट्या ढकलत राहिली आणि तोंडानं काहीतरी बोलत राहिली. अंजली धावत आली आणि ऐकत उभी राहिली, कारण मोहिनी जे बोलत होती ते तिला समजत नव्हतं. ती पाड्यावरची बोली होती. ऊठ गं आई, ऊठ, डोळे उघड, असलंच काहीतरी होतं ते.

भागीबाईनं डोळे उघडले. आधी छत पाहिलं, मग मोहिनीला. "कोण गं तू?" ती त्याच बोलीत म्हणाली. "आपल्याकडची का?"

मोहिनीनं मान हलवली. पुन्हा साखर पाहिली. वर चढली होती. तोवर संघर्ष आला. आता ग्लुकोज चालू ठेवायचं आणि थोड्या थोड्या वेळानं साखर बघायची असं ठरलं, आणि यावेळी मोहिनी जागची हलली नाही.

पलंगाच्या पायथ्याशी, पलंगाला न टेकता, देवराम उभा होता.

त्याला पाहून तिचा राग पुन्हा उसळला. भीती गेली की तिला रागच यायचा, दुसरं काही तिला येतच नव्हतं. "तुम्हाला दिसत होतं ना? मग हाक का नाही मारलीत? दार ढकलायचं! ओरडायचं! माझा हात धरून ओढायचं! काचेबाहेर काय पुतळ्यासारखे उभे राहिलात?"

वॉर्डातल्या बायका पुन्हा उठून बसल्या. देवरामनं आधी इकडं तिकडं पाहिलं. विचारलंय म्हणजे आता तोंड उघडायचं की नाही, हे त्याला नीट ठरवता येईना.

"मी आलो होतो सांगायला," तो शेवटी म्हणाला. "पण त्या दुसऱ्या सिस्टर म्हणाल्या, तुमच्याच पायी भांडतायत मोठ्या डॉक्टरशी. गरिबाच्या बाजूनं बोलतायत म्हणाल्या. आमच्यासाठी कोण कवा भांडलं नाय, बाई. मंग मधी कसं बोलू?"

मोहिनीनं भागीबाईच्या कपाळावरचा घाम पुसला.

भागीबाईनं पाणी मागितलं. गडवा देवरामच्या हाताशी, खिडकीतच होता. त्यानं गडव्याकडे पाहिलं, मग मोहिनीकडे. त्याचे हात अजून पाठीमागेच होते.

"पाजू का?" त्यानं विचारलं.